चाचणीचे फोटो

नोकरी काय करतेस असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, रांगते. लोक हसतात. मग मला नीट सांगावं लागतं की शहरातले कोल्हे, मुंगसं, उदमांजरं, घुबडं यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी तंत्रज्ञ आहे. जनावरांच्या वाटेवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधायचे हे माझं काम. कॅमेरा बांधून झाला की तो जनावराच्या उंचीवर नीट टिपतोय की नाही हे बघायला त्याच्यासमोरून जनावरासारखं जावं लागतं, म्हणजे गुडघे आणि तळहात टेकून. एकदा एका आजोबांनी मला असं बघितलं आणि ‘काय हरवलंय बाळ?’ म्हणत माझ्याबरोबर कितीतरी वेळ गवतात शोधाशोध केली. आता त्यांना काय सांगणार, कपाळ! मीही शोधलं.

आमच्याकडे ह्याला चाचणी म्हणतात. प्रत्येक कॅमेऱ्यातला पहिला फोटो माझाच असतो, केस विस्कटलेले, मान पुढे, नजर जमिनीवर. पूर्वी कार्यालयात हे फोटो मोठे करून भिंतीवर लावायचे आणि खाली काहीतरी टवाळकी लिहायचे. मग ‘चाळणी’ आला. हा आमचा संगणकवाला. सगळे फोटो तोच चाळतो म्हणून नाव चाळणी. त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. कोल्ह्याचा फोटो कोल्ह्यांत, मांजराचा मांजरांत, आणि रांगणारं माणूस दिसलं की थेट ‘चाचणी’ नावाच्या फोल्डरमध्ये. सुरुवातीला तो प्रोग्रॅम मला अस्वल म्हणायचा. चाळणीनं ते दुरुस्त करायला मुद्दाम वेळ लावला असं माझं अजूनही म्हणणं आहे. पण दुरुस्त झाल्यावर त्या फोल्डरकडे कुणी ढुंकूनही बघेना. चाचणीचे फोटो म्हणजे कचरा, तो कोण उघडून बघणार?

मला हे काम मनापासून आवडतं. आवडतं म्हणजे काय, वेड आहे मला त्याचं. सकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून हातात घेतलं की माझ्या छातीत धडधड सुरू होते, आत काय असेल, काय असेल! आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख बाई म्हणतात, ‘तुझा उत्साह बाटलीत भरून विकला पाहिजे.’ बाईंनीच मला सगळं शिकवलं. पायाचे ठसे ओळखायला, विष्ठा हातात घ्यायला, तासन्‌तास गप्प बसायला. शेवटची गोष्ट मला अजून जमलेली नाही.

ह्या वेळचं आमचं ठिकाण होतं शहराचं जुनं पंपघर. नवं पंपघर झालं आणि हे बंद पडलं. एका बाजूला मोठा रस्ता, दुसरीकडे गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम, मागे कोरडा कालवा. आवारात बिडाच्या जाड पाइपांचा ढीग पडलेला, माणूस वाकून आत शिरेल एवढे रुंद पाइप. वरून वेल चढलेली. उन्हात पाइप तापले की लोखंडाचा वास यायचा आणि त्यातच मिसळून आणखी एक उग्र वास. तो नाकात शिरला की मी ओळखायचे, काकू घरात आहेत.

काकू म्हणजे कोल्हीण. एका कानाचं टोक फाटलेलं, चाल अगदी ऐटीची. संध्याकाळी पाइपातून बाहेर यायची, अंग झटकायची आणि सगळ्या गल्लीची खबर घ्यायला निघालेल्या काकूंसारखी निघायची. म्हणून ते नाव. एके दिवशी कार्ड उघडलं तर काकूंच्या पायांत चार काळपट गोळे लुडबुडत होते. पिल्लं! मी कार्यालयात अशी किंचाळले की बाईंच्या हातातला चहा त्यांच्या साडीवर सांडला. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, तशाच ओल्या साडीनं येऊन पडद्याला डोळे लावून बसल्या.

अडचण अशी होती की पंपघराच्या जागी बसगाड्यांचा तळ होणार होता. पाइप उचलायला क्रेनही ठरली होती. ह्याचा निर्णय वन्यजीव खात्याच्या साहेबांच्या हातात होता. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. नियम असा, की पिल्लं असतील आणि त्यांना सांभाळणारं मोठं जनावर असेल तर पिल्लं आपल्या पायांनी बाहेर पडेपर्यंत काम थांबवायचं. मोठं नसेल तर पिल्लं पकडून खात्याच्या बचाव केंद्रात न्यायची. आणि कुणी माणसानं त्यांना खायला घातलं असेल, ती माणसाळली असतील, तरीसुद्धा केंद्रातच.

केंद्र म्हणजे सिमेंटची जमीन आणि जाळी. मी तिथं काम केलंय. तिथं एक कोल्हा होता, लहानपणी आणलेला. जाळीच्या कडेकडेनं दिवसभर एकच फेरी घालायचा. त्याच्या पायांनी सिमेंट गुळगुळीत झालं होतं. आमची पिल्लं तिथं जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं. त्याच्यापुढे मला नोकरीचीही पर्वा नव्हती.

आणि मग काकू गेली.

सकाळी रस्ता झाडणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. मी पळतच गेले. दुभाजकाला टेकून पडली होती, जणू जरा विसावा घेतेय. तोंडात एक घूस घट्ट धरलेली. गाडीची धडक बसली तरी तिनं ती सोडली नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडले. लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू देत.

लपवायचा प्रश्नच नव्हता. मी बाईंना सांगितलं, बाईंनी साहेबांना. साहेब म्हणाले, ‘येत्या सोमवारी सकाळी पिंजरे घेऊन येतो. तोवर दुसरं मोठं जनावर दिसलं तर मला पुरावा द्या. मला काय, पिल्लं पकडायची हौस आहे का?’

बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘आशा सोडू नकोस. कोल्ह्यांत कधीकधी आधीच्या विणीतली मुलगी आईपाशीच राहते, धाकट्या भावंडांना तीच खाऊ घालते. आपल्या शहरात असं अजून कुणी टिपलेलं नाही, पण नसेलच असं नाही.’

मला हे लगेच पटलं. आमची आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. मला ताईनंच वाढवलं. ताईचं लग्न राहिलं, शिक्षण राहिलं. ती शिवणकाम करत बसली आणि मी शिकले. तेव्हा मोठी बहीण पिल्लं वाढवते ह्यात मला काहीच अवघड वाटलं नाही.

त्याच दुपारी मी पंपघरात जाऊन कॅमेरा पाइपाच्या अगदी तोंडाशी आणला. आत पिल्लं रडत होती, बारीक, चिरक्या आवाजात. मला ऐकवेना. कॅमेरा बांधला आणि चाचणीला खाली बसले. खरं तर दोनदा इकडून तिकडे गेलं की काम झालं. पण त्या दिवशी मी काकू जशी यायची तशी आले. कालव्याच्या बाजूनं, वेलीखालून, मध्येच थांबून, मागे वळून बघून, पाइपाच्या तोंडापर्यंत. तोंड आत घालून मी म्हणाले, ‘रडू नका रे, मी आहे ना.’ मुलांना म्हणतो तसं. पिल्लं एकदम गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी मी घाबरतच कार्ड उघडलं. पिल्लं बाहेर येऊन खेळत होती. त्याच्या पुढच्या दिवशीही. पोटं टम्म फुगलेली! उपाशी पिल्लाचं पोट असं दिसत नाही, बरगड्या दिसायला लागतात. ह्यांना कुणीतरी खाऊ घालत होतं, आणि चांगलं पोटभर घालत होतं.

‘बाई! मोठी बहीण आहे!’ मी ओरडले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

फक्त ती बहीण काही दिसत नव्हती. एका फोटोत चारही पिल्लं शेपट्या हलवत कालव्याच्या बाजूला धावताना दिसायची, म्हणजे कुणीतरी आलंय. पुढच्या फोटोत एकदम ओठ चाटत बसलेली. मधलं काहीच नाही. मी डोळ्यांत तेल घालून सगळे फोटो बघितले. कोल्हे, मांजरं, मुंगसं, रिकामे. नाहीच. शुक्रवार आला, बाई हिरमुसल्या, मी मात्र हट्टाला पेटले. बहीण आहे म्हणजे आहे!

तेव्हा चाळणी चहा ढवळता ढवळता सहज म्हणाला, ‘तू हल्ली जरा जास्तच चाचण्या करतेस गं.’

‘मी? काकू गेली त्या दिवशी एक केली तेवढीच.’

‘बरं बाई, एक तर एक. फोल्डर भरत आलंय तुझं, एवढंच सांगितलं.’

मी त्याचा चहा बाजूला सारला आणि फोल्डर उघडलं.

पहिले फोटो माझेच होते, त्या दुपारचे. संस्थेचं खाकी जॅकेट, पाठीवर संस्थेचं चिन्ह, विस्कटलेला अंबाडा. मी वेलीखालून येतेय, थांबतेय, मागे बघतेय. मग पुन्हा मी. पुन्हा वेलीखालून. पण फोटोवरची वेळ वेगळी, सकाळची. मला आधी वाटलं, कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं आणि तेच फोटो दुसऱ्या वेळेनं छापले गेले. आमच्याकडे हे नेहमी होतं. बॅटरी बदलताना घड्याळ मागे जातं आणि चाळणी शिव्या देत बसतो. मी पुढे गेले. आता गुडघे टेकलेले नव्हते. ती, म्हणजे मी, तळहात आणि चवड्यांवर चालत होते, कंबर वर, खांदे खाली. त्याच्या पुढच्या दिवशी खांदे आणखी खाली होते आणि डोकं पुढे लांबवलेलं. चाल सुधारत होती. रोज सुधारत होती! शिकाऊ तंत्रज्ञाची चाचणी बघताना मी जशी मान डोलावते तशी मी मान डोलावली, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग पिल्लांचे फोटो. चारही पिल्लं तिच्या तोंडाशी उड्या मारत होती, ओठांचे कोपरे चाटत होती. कोल्ह्याची पिल्लं असंच मागतात. मग मोठं जनावर पोटातलं अन्न वर काढतं आणि त्यांच्यापुढे ठेवतं. पुढच्या फोटोत तिची मान खाली होती आणि पाठ वाकलेली. त्याच्या पुढच्यात पिल्लं खात होती.

प्रोग्रॅमनं आपलं काम चोख केलं होतं. रांगणारं माणूस दिसलं, टाक चाचणीत.

चाळणी मागून बघत होता. त्याचा चहा तसाच राहिला. ‘हे... हे तू का करतेस?’ असं त्यानं अगदी हळू विचारलं.

‘मी नाही केलं.’

‘जॅकेट तुझंच आहे की.’

शेवटचा फोटो गुरुवारी संध्याकाळचा होता. अंधार पडताना कॅमेरा आपला अदृश्य दिवा लावतो, फोटो करडा येतो. त्यात तिनं मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघितलं होतं. चेहरा माझा. कपाळावरचा लहानपणीचा व्रणसुद्धा. फक्त डोळे चमकत होते, गोठ्यातल्या जनावराच्या डोळ्यांवर कंदिलाचा उजेड पडावा तसे. आम्ही हजारो फोटो बघितलेत. त्या दिव्यात कोल्ह्याचे डोळे चमकतात, मांजराचे चमकतात. माणसाचे चमकत नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी मी कुठे होते हे मला शोधायची गरजच नव्हती. साहेबांच्या दालनात बैठक होती. मी साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्याशी तावातावानं भांडत होते आणि ते बिस्किटं पुढे करून मला गप्प करायला बघत होते. बाई माझ्या शेजारी होत्या.

मी तशीच उठले, पंपघरात गेले आणि कॅमेऱ्याचं घड्याळ माझ्या फोनशी लावून बघितलं. बरोबर होतं.

इथं मला भीती वाटायला हवी होती. हातपाय गळायला हवे होते. पण खरं सांगते, मला एवढा आनंद झाला की मी त्या पाइपांमध्ये उभी राहून एकटीच हसले. पिल्लांना कुणीतरी होतं! कोण, कसं, ह्याचा विचार मी करणारच होते, नंतर. आत पाइपात पिल्लं शांत झोपली होती. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. चौघांचा वेगवेगळा. एवढ्या लांबून कसा ऐकू आला ह्याचं नवल मला घरी आल्यावर वाटलं.

बाईंनी फोटो बघितले आणि चष्मा काढून ठेवला. 

‘घड्याळ चुकलंय,’ त्या म्हणाल्या.

‘नाही चुकलेलं. मी बघून आले.’

‘चुकलंय म्हणते ना मी. हे साहेबांना दाखवलंस तर ते काय म्हणतील? तू स्वतः जाऊन खायला घातलंस. पिल्लं माणसाळली. सोमवारची वाटही बघणार नाहीत, आजच उचलतील.’

‘पण बाई, त्या वेळी मी त्यांच्याच समोर बसले होते!’

‘म्हणूनच तर म्हणतेय, घड्याळ चुकलंय.’ त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ‘तुला ताप आहे का गं? अंग किती गरम आहे तुझं.’

ताप नव्हता. उलट मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं. शनिवारी मी घरीच होते, ताईनं माझ्यासाठी नवा शर्ट शिवायला घेतला होता. ती टेप घेऊन माझी मापं घ्यायला लागली. खांदा झाला, मग बाही. बाही तिनं पुन्हा मोजली. मग आपल्या जुन्या मापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘काय झालं?’

‘काही नाही. टेप जुनी झाली वाटतं, ताणली गेलीय.’ तिनं दुसरी टेप आणली, त्या टेपनंही मोजलं आणि ती गळ्यात अडकवली. ‘जेवायला बस. काल जेवली नाहीस, परवा नाही.’

‘पोट भरलंय गं.’

‘कशानं?’

मी पोटावर हात फिरवला. पोट खरंच भरलेलं होतं, जड होतं.

ताईनं माझे तळहात उलटे करून बघितले. तिची बोटं सुईनं टोचून टोचून निबर झालेली, पण माझ्या तळहातांवरून फिरताना तीच अडखळली. ‘हातमोजे घालत जा कामाला,’ एवढंच ती म्हणाली. पण त्या रात्री तिनं माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

रविवारच्या कार्डात चाचणीचे फोटो पुन्हा होते. मी चाळणीला न सांगता एकटीनंच बघितले. आता जॅकेट नव्हतं. बाकी काही लिहीत नाही. पिल्लं गुटगुटीत होती.

सोमवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. फाटकाबाहेर क्रेन उभी, ड्रायव्हर केबिनमध्ये बसून पेपर वाचत होता. साहेबांची गाडी आली, मागे पिंजरे, दोन माणसं. बाई माझ्याआधीच येऊन थांबल्या होत्या. चेहरा उतरलेला.

‘पुरावा?’ साहेबांनी विचारलं.

मी बाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

‘आहे साहेब,’ मी म्हणाले. ‘मोठं आहे. पिल्लं बघा आधी, किती धष्टपुष्ट आहेत. आईविना पिल्लं अशी दिसतात का? तुम्हीच सांगा.’

‘मला मोठं दाखवा हो. मोठं!’

‘दाखवते. माणसं फाटकाशीच राहू देत, घाबरतील पिल्लं. तुम्ही दोघं या.’

मी असं का म्हणाले, काय दाखवणार होते, मला ठाऊक नव्हतं. फक्त आतून एक उकळी फुटत होती, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी फुटते तशी. आज जमणार, आज नक्की जमणार!

आम्ही पाइपांपाशी आलो. ते दोघं थोडे मागे थांबले. पाइपाच्या तोंडात डोकावायचं तर खाली बसावं लागतं, म्हणून मी बसले. तळहात टेकले. माती कोमट होती.

चारही पिल्लं बाहेर आली.

माणूस दिसला की पिल्लं पळतात. ही पळाली नाहीत. शेपट्या हलवत, कुईकुई करत ती सरळ माझ्यावर धावून आली.

‘हलू नका,’ मागून साहेब पुटपुटले. मला उद्देशून की बाईंना, कळलं नाही.

पिल्लांनी माझ्या गळ्यावर पाय ठेवले. त्यांच्या तोंडाला दुधाचा नाही, मांसाचा वास येत होता. एकानं माझ्या ओठांचा कोपरा चाटला. मग दुसऱ्यानं.

माझ्या पोटात काहीतरी हललं.

मी तोंड मिटून घेतलं. पिल्लू चाटतच राहिलं, खरखरीत जिभेनं, हक्कानं.

पाठ आपोआप वाकली. मी सकाळी चहा तेवढा घेतला होता. जे वर आलं तो चहा नव्हता. ते गरम होतं, त्यात केस होते, बारीक हाडं होती, भरपूर होतं.

पिल्लं त्यावर तुटून पडली.

अहो, काय सांगू तो आनंद! चौघांची डोकी एकमेकांना ढुशा देत होती, सगळ्यांना पुरत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी फोन कानाला लावल्याचं मला ऐकू आलं. ‘पिंजरे गाडीतच ठेवा,’ ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. ‘क्रेनवाल्याला परत पाठवा. मोठं आहे इथं... हो, मी बघतोय ना... पिल्लांपाशीच आहे. नाही, नाही, कुणी आत येऊ नका.’

जिंकलो! मला बाईंना मिठी मारावीशी वाटली. मी मान वळवली.

ते दोघं मागे सरकत होते. पिल्लांपाशी मादी असली की कसं निघायचं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. पाठ फिरवायची नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी, पाऊल हळू. बाई अगदी तशाच निघाल्या होत्या.

मी ‘बाई’ अशी हाक मारली. निदान मला तरी तसंच ऐकू आलं.

बाईंनी नजर खाली वळवली आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं. ते फारच लहान पाऊल होतं. पिल्लं अजून खात होती, आणि खरं सांगते, ते दोघं अजूनही जरा जास्तच जवळ होते.